मधली पायरी

धंतोलीतल्या त्या इमारतीत वरच्या मजल्यावरचे मनोविकारतज्ज्ञ म्हणाले, "आधी दारू सोडवा, मग डोक्याचं बघू." खालचे व्यसनमुक्तीवाले डॉक्टर म्हणाले, "याला आवाज ऐकू येतात, आधी डोक्याचा इलाज करा." पुन्हा जिना चढताना रजतदादा रडकुंडीला आला. "सोनिके, चाल घरी. मले आता थोडी पाहिजेच."

दहावीतल्या सोनिकानं त्याचा हात धरला आणि मधल्या पायरीवर फतकल मारली.

"आवाज दाबाले हा पिते, अन् पिल्यावर आवाज अजून वाढतात!" ती जिनाभर ओरडली. "माहा भाऊ एकच हाये. त्याचे दोन तुकडे काहून करून राहिले? दोघंही इथं या!"

"उठ वं, लोक पाहून राहिले," दादा कुजबुजला.

"पाहू दे!"

वरचं दार उघडलं, मग खालचंही. दोन्ही डॉक्टर पायरीपाशी आले, तेव्हा सोनिका जराशी सरकली, त्यांना बसता यावं म्हणून.