पालथ्या मामाचा सिनेमा

भिंगरी हे नाव मामानं ठेवलं होतं, आणि ते उगाच नव्हतं. पंधरा वर्षांची झाली तरी ती जेवताना तीनदा उठायची, फोनवर बोलताना घरभर फिरायची. एका जागी बसायची ती फक्त सिनेमा बघताना, आणि तोही आवडता असला तरच. आवडता म्हणजे निदान आठ-दहा वेळा पाहिलेला.

मामाही तसलाच. लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर या इमारतीतून त्या इमारतीत, वर गच्चीवरच्या मशीनपाशी नाहीतर खाली लिफ्टच्या खड्ड्यात. अशा माणसाला, उजव्या डोळ्यातला पडदा सुटला म्हणून, ऑपरेशननंतर दहा दिवस पालथं पडून राहायला सांगितलं, तेव्हा आईला हसावं की रडावं कळेना.

"डोळ्यात वायूचा बुडबुडा भरलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही खाली बघत राहिलात तर तो पडद्याला जागेवर दाबून धरेल. उताणे झोपलात की सरकला भलतीकडे."

मामा एकटा राहायचा, म्हणून आईनं त्याला घरी आणलं. बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर उशा रचून त्याचं तोंड कडेबाहेर येईल अशी सोय केली. आई छापखान्यात बाइंडिंगला होती. नऊला जायची, सहाला यायची. भिंगरीला सुट्टी होती. दर तीन तासांनी डोळ्यात थेंब घालायचे, पाणी द्यायचं आणि मामा उठायला लागला की ओरडायचं, एवढं काम तिच्याकडे आलं.

पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत मामानं फरशीवरचे सगळे ओरखडे पाठ केले. "काहीतरी लाव गं," तो म्हणाला. "माझा पडदा तर बिघडलाय, तुझा तरी चालू दे."

भिंगरीनं शर्यतीचा सिनेमा लावला. तिचा सगळ्यात लाडका, अकरा वेळा पाहिलेला. मोटारसायकल चालवणारी एक मुलगी घर सोडून जाते आणि मोठी शर्यत जिंकते. मामाला दिसणार नव्हतं, म्हणून भिंगरी सांगत होती. "आता ती हेल्मेट घालतेय. आता दार आपटून निघाली. मामा, काय दिसते माहितीये! वाऱ्यासारखी!"

मामा ऐकत होता. सिनेमा संपल्यावर फरशीकडे बघत म्हणाला, "ते शिवणयंत्र कुणाचं?"

"कुठलं शिवणयंत्र?"

"घरातला सीन आला की मागे खडखड खडखड चालूच आहे की."

भिंगरीला अकरा वेळांत ते ऐकूच आलं नव्हतं. तिनं मागे नेऊन पाहिलं. खरंच, खोलीच्या कोपऱ्यात, कधी अर्धी तर कधी नुसती पाठ, अशी एक बाई यंत्रावर बसलेली होती. "तिची मोठी बहीण असेल. तिला डायलॉगच नाहीत फारसे."

"बोलायला वेळ कुठाय तिला?" मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी विनोदी सिनेमा लावला. त्यात लिफ्टचा दोर तुटतो आणि जाडा शेठ सातव्या मजल्यावरून खाली येतो. भिंगरी हसून हसून लोळायची त्या जागी. मामा पालथ्याचा पालथा भडकला. "दोर एक असतो का? पाच-सहा असतात! सगळे तुटले तरी ब्रेक धरतो. कुणी लिहिलंय हे?" मग तो दोर कसे तपासतात ते अर्धा तास सांगत बसला. भिंगरीनं पुन्हा तो सीन लावला तर तिला शेठ दिसेचना, नुसता दोर दिसायला लागला. एक आवडता सिनेमा असा हकनाक गेला.

शर्यतीचा मात्र तिला सोडवेना. तिसऱ्या दिवशी तिनं तो एकटीनं पाहिला, आवाज मोठा करून. शर्यतीत घातलेला लाल चामड्याचा सूट बहिणीच्या मांडीवर होता, एका सीनमध्ये, जेमतेम दोन सेकंद. रात्रंदिवस ती तेच शिवत होती तर! आणि नायिका तो घालून गेली, ती वळूनसुद्धा न बघता. चौथ्या दिवशी पुन्हा लावला. आता नायिकेचं प्रत्येक वाक्य तिला खोटं वाटत होतं. 'मला थांबता येत नाही' हे वाक्य तिनं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. ते आता ऐकवेना.

"आणि दार आपटतं ना," मामा म्हणाला, "तिथे यंत्र बंद पडतं. पहिल्यांदाच. ऐकलंस का? ती बहीण..."

"पुरे!" भिंगरी उठून उभी राहिली. "तुला काही दिसत तर नाही, आणि उगाच कीस काढत बसतोस! माझा सिनेमा होता तो. नासवलास तू."

"अगं, मी काय..."

ती ऐकायला थांबली नाही. चपला अडकवून खाली उतरली. बेकरीपर्यंत गेली, परत फिरली, पुन्हा गेली. सायकलींच्या दुकानापाशी उभी राहिली, तिथेही राहवेना. मनात सिनेमा उलटासुलटा चालू होता. मग नायिकेनं जायचंच नव्हतं का? बहिणीनं तो सूट शिवला तो ती जावी म्हणूनच ना? की कुणी विचारलंच नाही तिला? दुकानातलं घड्याळ दिसलं तेव्हा तीन वाजून गेले होते. थेंबांची वेळ दोनची.

ती जिने धावत चढली. मामा दिवाणावर उताणा झोपला होता. थेंबांची बाटली छातीवर होती आणि तो घोरत होता.

"मामा! मामा, पालथा हो!"

तो दचकून वळला. "म्हटलं, घालू आपणच थेंब. पालथ्यानं कसे घालणार? जरा पाठ टेकली..." पुढचं त्यानं उशीत तोंड घालून सांगितलं. "आईला काही बोलू नकोस. मलाच डुलकी लागली."

भिंगरी संध्याकाळपर्यंत दार ते खिडकी, खिडकी ते दार करत होती. आई आली, तिनं पर्स टेबलावर ठेवली, तेवढ्यात भिंगरीनं सगळं सांगून टाकलं. भांडण, बेकरी, तीन वाजले तेही.

आईनं पर्समधून फोन काढला. मग म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना फोन मी लावते. पण काय झालं ते तू सांगायचंस."

भिंगरीनं सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "उद्या तपासू. पालथं राहायचे दिवस वाढवावे लागतील."

दहाचे चौदा दिवस झाले. पडदा जागेवर बसला. नजर आली, पण सरळ रेघ मामाला मधेच वाकलेली दिसायला लागली. भिंगरीनं दवाखान्यात सरळ विचारलं, "माझ्यामुळे का?"

"अशा डोळ्यात तसं एरवीही राहतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्या तासाभरामुळे का, ते मला सांगता येणार नाही. कुणालाच नाही."

हे उत्तर भिंगरीला कुठे ठेवावं कळेना. मामाला मात्र काही दिवस खड्ड्यात उतरायची बंदी झाली. तो कंपनीच्या ऑफिसात बसून तक्रारीचे फोन घ्यायला लागला आणि लोकांशी उभ्यानंच बोलायला लागला.

एका रविवारी तो घरी आला आणि म्हणाला, "तो शर्यतीचा लाव. आता डोळ्यांनी बघू दे."

भिंगरीचा धीर होत नव्हता, पण तिनं लावला. बहीण पडद्यावर आली तशी मामा पुढे सरकला. "एवढीशी आहे ही? मी तिला चांगली धिप्पाड धरली होती." पण शर्यत सुरू झाली आणि तो बहिणीला विसरला. "दाब! दाब! वळणावर आत घे!" शेवटी नायिका जिंकली तेव्हा त्यानं चक्क टाळ्या वाजवल्या आणि डोळे पुसले, दोन्ही.

"काय पोरगी आहे! जायलाच हवं होतं तिनं!"

"आणि बहीण?" भिंगरी जवळजवळ ओरडली. "तूच तर म्हणालास!"

"म्हणालो असेन. तेव्हा मला उठता येत नव्हतं. पडून राहणारा दुसरं काय ऐकणार?"

"मग आता खरं काय?"

"मला काय विचारतेस? मी आत्ता पाहिला पहिल्यांदा. तू कितीव्यांदा?"

"सोळाव्यांदा." ती खोलीत येरझारा घालत होती. "आणि मला अजून कळत नाहीये, मामा. परवा ती मला दुष्ट वाटली. आत्ता बिचारी वाटली. दार आपटताना तिचा हात थरथरतो, पाहिलास?"

"नाही बुवा. थरथरतो?"

"थांब, मागे नेते."

"ने," मामा उठून टीव्हीच्या अगदी जवळ जात म्हणाला. "आणि आवाज वाढव."