तोंडाळ मुलगी

समाजसेविकेने टेबल भिंतीकडे सरकवलं आणि खुर्च्या अशा मांडल्या, की मुलीला बसल्या जागेवरून दार दिसत राहावं. दाराकडे पाठ असली की मुलं बोलत नाहीत, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

साहेब दारात येऊन उभे राहिले. बालसंरक्षण कार्यालयाचे ते प्रमुख. मागच्या तपासणीत कार्यालयाचे वाभाडे निघाले होते. इथल्या मुलांना काही खुपलं तर सांगायचं कुणाला, हेच ठाऊक नाही, असा शेरा पडला होता. आज तपासनीस बाई पुन्हा आल्या होत्या, आणि मुलांशी त्यांना एकट्यानेच बोलायचं होतं.

“त्या मुलीला कशाला बोलावलंत?” साहेबांनी आवाज खाली आणला. “केवढी तोंडाळ आहे ती! तुमचीच तक्रार केली होती ना तिने?”

“म्हणूनच बोलावलं, साहेब.”

“अहो, आपल्याच पायावर धोंडा मारून घेताय तुम्ही.”

ती खुर्चीवरची धूळ पुसत राहिली.

ही मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ कार्यालयात आले, तेव्हा मुलीने कित्येक महिने तोंडातून ब्र काढला नव्हता. मांडीवरचं दप्तर ती खाली ठेवायची नाही. पाणी हवं का विचारलं, तरी आधी समोरच्याचा चेहरा वाचायची. भावंडांना दोन वेगळ्या घरांत ठेवावं लागलं. त्यांची भेट ठरायची आणि कधी गाडी नाही, कधी माणूस नाही, म्हणून रद्द व्हायची. अशीच एक भेट समाजसेविकेने रद्द केली, त्यानंतर मुलगी तडक साहेबांच्या खोलीत गेली. “ताईने मला विचारलंसुद्धा नाही,” एवढंच म्हणाली आणि तिथेच बसून राहिली.

समाजसेविकेला ते लागलं होतं. रात्रंदिवस जिच्यासाठी आपण धावलो, तिनेच नाव घ्यावं! पण घरी जाताना वाटेतच तिला हसू फुटलं. पोरगी बोलली होती की! दुसऱ्या दिवशी मुलीच्या बाजूने साहेबांशी तीच भांडली. मुलांना विचारल्याशिवाय भावंडांची भेट रद्द करायची नाही, असा नियम करून घेऊनच ती थांबली.

मुलगी आली. तपासनीस बाईंच्या मागोमाग आत गेली. दार लागलं.

बाहेर साहेब येरझाऱ्या घालू लागले. आतून मुलीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मध्येच तो चढला. साहेबांनी समाजसेविकेकडे पाहिलं. ती बाकावर स्वस्थ बसली होती, फक्त ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होती.

बऱ्याच वेळाने तपासनीस बाई एकट्याच बाहेर आल्या. समाजसेविका उठून उभी राहिली.

“तुमच्याबद्दल तिने बरंच सांगितलं,” बाई म्हणाल्या. “सगळंच गोड नाही हं.”

“नसणारच. मधे गप्प झाली का हो कुठे?”

“गप्प? मला एक प्रश्न धड पुरा करू दिला नाही तिने. लहान मुलांना भेटीच्या खोलीत बसायला बुटक्या खुर्च्या का नाहीत, हे मलाच विचारलं. शेवटी मीच म्हटलं, जरा पाणी पिऊन येते.”

समाजसेविकेने झटकन मान वळवली आणि भिंतीवरचा सूचनाफलक वाचू लागली. फलक कोराच होता.

“वाईट झालं का काही?” बाई पाणी प्यायला गेल्यावर साहेबांनी घाईने विचारलं.

“नाही, साहेब.” तिने डोळे टिपले. “थांबतच नाहीये म्हणे.”

तेवढ्यात दार किलकिलं झालं. मुलीने डोकं बाहेर काढलं.

“ताई, त्या बाई गेल्या का? माझं अजून संपलं नाही.”

समाजसेविका काही बोलणार, तोच साहेब पुढे झाले.

“येतायत. बस तू,” ते म्हणाले. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, “माझं नाव घेतलंस का गं?”

“आता घेणारे,” मुलगी म्हणाली, आणि तिने दार लावून घेतलं.