न दिलेली चाल

माझ्या धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. लग्नाला माझा भाऊ आला नाही. त्याच्या नावाने फुलांचा हा एवढा मोठा गुच्छ आला. तो स्वतः आला तीन आठवड्यांनी, गिटार घेऊन.

तेव्हा लोक त्याला रस्त्यात ओळखायचे. पण गाणी करायला तो शिकला आमच्या इस्त्रीच्या दुकानात. शब्द वहीत लिहायचा; चाल मात्र एका झोपेत विसरायचा. मला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून असेल, ऐकलेलं सगळं डोक्यात राहायचं. तो तीनदा गायचा, मी कॉलरवर इस्त्री फिरवत ऐकायचे. आठवड्याने मागितली की चाल जशीच्या तशी परत. त्याच्या बँडमधले मला 'टेपताई' म्हणायचे. पहिल्या दोन्ही रेकॉर्ड अशाच झाल्या. पुढे त्याच्याकडे रेकॉर्डिंगची यंत्रं आली.

"ताई, आई गेली त्या आठवड्यात केलेलं गाणं आठवतं? शब्द आहेत, चाल गेली."

"आता बरी आठवण झाली!"

"दोन वर्षं काही सुचत नाही गं. जे करतो ते आधीचंच निघतं. हे एक मिळालं तर गाडी सुरू होईल."

"तुझी भाची मांडवात विचारत होती, मामा कुठाय म्हणून."

त्याने गिटार भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "चुकलो. हवं तर इस्त्रीचा चटका दे, पण चाल दे."

मला हसू आलं. चालही ओठांवर आली होती. पण म्हणाले, "विसरले. वय झालं."

तो बघत राहिला. मी शर्टाची घडी घालत होते, तीही चुकली.

"टेप तुटली म्हणायची," असं म्हणून तो चहा पिऊन गेला.

नवरा म्हणाला, "अगं, फोनवर गुणगुणून टाक. एवढी कसली मिजास?"

"राहू दे जरा ताटकळत. पुन्हा विचारेल तेव्हा देईन."

त्याने पुन्हा विचारलं नाही. नवी रेकॉर्डही काढली नाही. जुनीच गाणी गात गावोगाव फिरला. त्याची वही पुढे माझ्याकडे आली. ती वाचता यावी म्हणून मी एकसष्टाव्या वर्षी अक्षरं शिकले.

माझा भाऊ त्या लग्नाच्याच वर्षी, अकरा नोव्हेंबरला दुपारी, कार्यक्रमाआधी माइक तपासताना स्टेजवर कोसळून वारला. बावन्न वर्षांचा होता.