दोन बोटे जास्त

मित्रांनो, कुणाच्या गळ्यात पडू नये असे म्हणतात, पण माझे सगळे आयुष्य गळ्यातच गेले. मी एक जुना कापडी टेप आहे. दीड मीटरचा, एके काळी पिवळाधमक, आता चहा सांडलेल्या टेबलक्लॉथच्या रंगाचा. शिवणयंत्राच्या खणात बॉबिन आणि सुट्या बटणांच्या शेजारी माझा मुक्काम असतो.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी अगदी खरा होतो. माझा मीटर म्हणजे मीटर, केसभरही इकडेतिकडे नाही. मग मी शिवणकाकूंच्या हाती आलो. सगळी गल्ली त्यांना शिवणकाकूच म्हणायची. खरे नाव काय ते पोस्टमनलाच ठाऊक. त्यांनी मला गळ्यात घातले आणि कामाला जुंपले. छाती, कंबर, बाही, उंची. माप घेताना त्या मला चांगला ताणून धरत. दुपारी त्या जरा आडव्या झाल्या की त्यांची धाकटी लेक माझे एक टोक दाराच्या कडीला बांधून दुसऱ्या टोकाने मला दोरीसारखा फिरवी. शेवटी कापडच ते. इतक्या ओढाताणीत मी सैल पडलो, आणि माझा मीटर खऱ्या मीटरपेक्षा दोन बोटे लांब झाला.

काकूंच्या ते लगेच लक्षात आले. शिवणयंत्राजवळ लाकडी मीटरपट्टी असे, तिच्याशेजारी त्यांनी मला ठेवून पाहिले. मला वाटले, झाले, आता केराच्या टोपलीत. पण त्या हसल्या, "लबाडा" म्हणाल्या आणि पुन्हा मला गळ्यात घातले. त्यांचे काही अडत नव्हते. अंगाचे माप माझ्यानेच घ्यायचे आणि कापड कापायचे तेही माझ्यानेच. दोन्हीकडे फरक सारखा, म्हणून कपडा अंगावर चपखल बसायचा. फक्त दुकानातून कापड आणवताना त्या दर मीटरमागे दोन बोटे जास्त सांगायच्या, कारण दुकानदाराचा मीटर माझ्यासारखा सैल नव्हता.

काकांना यातले काही माहीत नव्हते. काका म्हणजे काकूंचे यजमान. ते एका गोदामात मालाची मोजदाद ठेवायचे. हाडाचे हिशोबी. "तुझं सगळंच दोन बोटं जास्त," असे ते चिडवायचे, आणि काकू नुसत्या हसायच्या. नवऱ्याला न सांगण्यासारखी गंमत संसारात एखादीच असते, ती त्यांनी जपून ठेवली होती. काकूंच्या हातचा कपडा कधी बिघडला नाही, हे मात्र काकाही मान्य करायचे. "हिचं माप म्हणजे माप," असे ते आल्यागेल्याला सांगायचे. त्या कौतुकाने मी नको तितका फुगायचो.

मग काकू आजारी पडल्या. एका सकाळी त्यांचा उजवा हात आणि जीभ, दोन्ही रुसून बसले. त्यांना दवाखान्यात नेले आणि मी खणात पडून राहिलो. खण अर्धवट उघडाच राहिला होता, त्यामुळे खोलीतले सगळे मला दिसायचे आणि ऐकू यायचे.

एक दिवस धाकटी लेक आली, मला दोरीसारखा फिरवणारी तीच. आता ती चांगली संसारी बाई झाली होती.

"बाबा, आईला मी माझ्याकडे नेते," ती म्हणाली. "तिच्या गोळ्यांच्या वेळा तुम्हाला सांभाळता येणार नाहीत. परवा दूध गॅसवर ठेवून फिरायला गेला होतात."

"एकदा झालं तसं."

"गोळ्यांच्या बाबतीत एकदासुद्धा नको व्हायला."

 काकांनी कपाटातून एक चिंधी काढली. फिकट जांभळी. लेकीच्या पहिल्या फ्रॉकचा तो उरलेला तुकडा. खोलीला हाच रंग द्या म्हणून काकू कितीतरी वर्षे मागे लागल्या होत्या, आणि काका दर वेळी पुढच्या वर्षी बघू म्हणायचे.

"तिला या खोलीत यायचंय," काका म्हणाले. "ही खोली मी रंगवतो. मोजणार मी, हिशोब माझा, रंगवणार मी. सगळं नीट जमलं तर ती इथे राहील. नाही जमलं तर ने तिला. मी अडवणार नाही."

बापाच्या चेहऱ्याकडे पाहून ती "बरं" म्हणाली. हा सौदा तिला पटलेला दिसत नव्हता.

काकांचा पोलादी टेप गंजून आत अडकला होता. तो आपटून पाहिल्यावर त्यांची नजर खणाकडे गेली. "तुझ्या आईचा टेप आहे की," ते म्हणाले. "याने मोजलेलं कधी चुकलंय?"

मित्रांनो, मला जीभ असती तर मी तेव्हाच ओरडलो असतो. काका, मी काकूंच्या हातात खरा आहे, तुमच्या हातात नाही! त्यांना माझी खोड ठाऊक होती, तुम्हाला ती कुणी सांगितलेलीच नाही. पण टेपाने करायचे काय? वळवळायचीही सोय नाही. काकांनी मला भिंतीला लावले आणि मी निमूटपणे खोटे, खऱ्यापेक्षा कमी आकडे दाखवत गेलो.

त्यांचा हिशोब मात्र देखणा होता. लांबी आणि रुंदी मिळवून दुप्पट केली, उंचीने गुणले, दार आणि खिडकी वजा केली. रंगाचे दोन हात द्यायचे म्हणून पुन्हा दुप्पट. एका लिटरमध्ये किती भिंत होते ते रंगवाल्याला फोनवर विचारून भागले. बरोबर नऊ लिटर आले. काका मला गळ्यात घालूनच दुकानात गेले.

रंगवाल्याने चिंधी पाहून, थेंब थेंब मिसळून रंग जुळवला. "लिटरभर जास्त घ्या," तो म्हणाला. "हाताने केलेली छटा आहे. पुन्हा अशीच उतरेल याची खात्री नाही."

"मोजून आलोय मी," काका म्हणाले. "नऊच द्या."

मी त्यांच्या छातीवर लोंबत होतो. घ्या हो काका, ऐका त्याचे, असे मनात म्हणत होतो. माझ्या मनातले ऐकणार कोण?

काकांनी एकट्याने खोली रंगवली. शिडी धरायला तेवढी लेक येऊन जायची. पहिला हात झाला, दुसरा सुरू झाला, आणि पलंगासमोरच्या शेवटच्या भिंतीवर निम्म्याच्या अलीकडेच रोलर कोरडा फिरू लागला. काकांनी डबा उलटा केला. ब्रशने त्याच्या कडा खरवडल्या. मग पळत दुकानात जाऊन आणखी एक डबा आणला. त्याचा एक पट्टा भिंतीवर ओढला, तर तो चक्क निळसर दिसला. त्यांनी तो ओल्या फडक्याने पुसून टाकला.

"भिंत रंग जास्त प्यायली असेल, बाबा," लेक म्हणाली.

"भिंतीवर ढकलू नकोस."

त्यांनी मला पुन्हा हातात घेतले आणि सगळी खोली नव्याने मोजली. मी पुन्हा तेच आकडे दाखवले. मी दुसरे दाखवणार तरी कुठून? त्यांनी गुणाकार पुन्हा केला, तोही तोच आला. काका पलंगाच्या कडेवर बसले.

"माप बरोबर, गुणाकार बरोबर, आणि रंग कमी," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या कपाळावर बोट टेकवले. "म्हणजे कमी कुठे आहे ते कळलंच. आईची बॅग भर."

त्या बोटाचे मला जितके वाईट वाटले तितके आयुष्यात कशाचे वाटले नाही. एका माणसाचा स्वतःवरचा विश्वास माझ्यामुळे उडत होता, आणि मी त्याच्याच गळ्यात होतो.

दोन दिवसांनी काकू आल्या, त्या फक्त निरोप घेण्यापुरत्या. चाकांच्या खुर्चीतून लेकीने त्यांना आत आणले. जांभळ्या भिंती पाहून त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांना ती अर्धी भिंत दिसली.

"कमी पडला गं," काका म्हणाले. "माझं डोकं आता चालत नाही. तू हिच्याकडे सुखात राहशील."

काकूंनी जोरात मान हलवली. मी अजून काकांच्या गळ्यातच होतो, आणि त्यांची नजर माझ्यावर होती. त्यांनी डावा हात काकांच्या गळ्याकडे नेला आणि घशातून नुसता आवाज काढला. खोलीत खरे काय घडले ते आम्हा दोघांनाच कळले होते, आणि बोलता दोघांनाही येत नव्हते.

"टेप हवाय? अगं, आता शिवायचं नाही."

त्यांनी मला ओढूनच घेतले. मग शिवणयंत्राजवळच्या मीटरपट्टीकडे बोट दाखवले. लेकीने ती आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. काकूंनी एका हाताने मला पट्टीवर पसरले. घसरलो तर परत पसरले. पट्टी संपली तरी माझा शंभराचा आकडा पुढेच होता. त्यांनी काकांचा हात धरला आणि त्यांची दोन बोटे त्या मोकळ्या जागेत टेकवली. बरोबर बसली.

काका पाहत राहिले. "दोन बोटं," ते हळूच म्हणाले. "म्हणजे कापड आणवताना तू... आणि एवढी वर्षं मला सांगितलं नाहीस?"

काकू ओठांच्या एकाच बाजूने हसल्या.

काकांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ पुटपुटत होते. "लांबीत फरक, उंचीत फरक, दोन्ही हातांना धरून..." त्यांनी डोळे उघडले. "पाऊण लिटर. पाऊण लिटरच कमी पडायला हवा होता, आणि तेवढाच पडलाय."

कागद नाही, पेन्सिल नाही. लेक दारात उभी राहून ऐकत होती.  तिने आईची भरलेली बॅग उचलली, कपाटासमोर नेली आणि एकेक साडी काढून परत फळीवर ठेवायला लागली.

ती भिंत अजून तशीच आहे. माझ्यावर मात्र, शहाण्णवच्या जरा पुढे, खरा मीटर जिथे संपतो तिथे काकांनी लाल दोऱ्याचे टाके घातले आहेत. टाके वाकडे आहेत आणि काकू ते पाहून रोज हसतात. गोळ्या काका वेळेवर देतात.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा हिशोब चुकला, तर त्याच्या कपाळाकडे बोट दाखवायची घाई करू नका. तो स्वतःच दाखवत असेल तर त्याचे बोट धरा. आधी त्याच्या हातातला टेप नीट बघा. टेपाला सांगता येत नाही हो.