दुरंगी घेवड्याचं बी

थोरल्या जावेने डबी उघडली. दुरंगी घेवड्याचं अख्खं बी बुरशीने भरलं होतं. अर्धा काळा, अर्धा पांढरा असा दाणा असलेला हा घेवडा बाजारात कुठे मिळत नसे. सासूबाईंनी तो तिच्या हाती दिला होता आणि चाळीस वर्षं तिने तो टिकवला होता.

चूक तिचीच. बी वाळलं का, हे ती दाणा चावून बघायची. दात रुतला तर आणखी ऊन द्यायचं, नाही रुतला तर डबीत. यंदा तोंडात नवी कोरी कवळी. ती जपायची म्हणून बाईसाहेबांनी दाणे नुसते बोटांनी चाचपले आणि झाकण घट्ट लावून मोकळ्या झाल्या!

आता हे बी असलंच तर एकाच घरी असणार, धाकट्या जावेकडे. आणि तिथेच तर घोडं अडत होतं. थोरलीनेच तिला मूठभर दिलं होतं. पण धाकटी चार लोकांत म्हणाली, "ताईंच्या घेवड्याला शिरा फार," आणि तेव्हापासून नऊ वर्षं अबोला. घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, तरी थोरली लांबचा रस्ता धरायची.

दोन दिवस ती स्वतःशीच भांडली. तिसऱ्या दिवशी नाक मुठीत धरून गेली.

धाकटी कपडे शिवायची. मशीन थांबवून तिने सगळं ऐकून घेतलं आणि उठली. धाकटीने कपाटातून एक कापडी पिशवी काढली आणि कापायच्या टेबलावर उपडी केली. काळेपांढरे, खडखडीत वाळलेले दाणे!

"दर वर्षी लावते. गॅलरीत, दोन कुंड्यांत."

"शिरा फार म्हणाली होतीस ना?"

"आहेतच. शिरा काढून खाते. म्हणून काय त्याचा वंश बुडवायचा?"

थोरलीला हसू फुटलं. ती भराभर दाणे गोळा करू लागली, तसा धाकटीने तिचा हात धरला.

"सगळे नाही, ताई. निम्मेच न्या. तुमचे गेले तर माझ्याकडे हवेत, माझे गेले तर तुमच्याकडे. पण त्यासाठी एकमेकींशी बोलावं लागेल."

थोरली स्टुलावर टेकली.

"चहा टाक," ती म्हणाली. "साखर बेताने."