बाईंना विचारलेला प्रश्न

विद्यापीठात माझं काम मुलाखती घेण्याचं. ज्या घरातल्या कुणी आत्महत्या केली त्या घरी जायचं, माणसं बोलतील तसं ऐकायचं, आणि कुठे कुणी हात दिला असता तर जीव वाचला असता, ते शोधायचं. पाहुण्यांनी विचारलं की आई "कॉलेजात शिकवते ती" म्हणून विषय बदलते.

हे काम मला शिकवलं बाईंनी. त्या माझ्या मार्गदर्शक. बोलणं तिखट. माझं एक पान कधी लाल शाईशिवाय परत आलं नाही. नवरा गेल्यापासून तर त्या कुणाशी धड बोलतही नव्हत्या. मग अलीकडे अचानक निवळल्या, हसून बोलायला लागल्या. "चला, बाई माणसात आल्या," विभागातला कारकून म्हणाला. सगळ्यांना हायसं वाटलं.

मला माझ्या प्रबंधाचं नवं प्रकरण परत मिळालं, तर त्यावर एकही खूण नव्हती. "छान झालंय. पुढचं तुझं तू बघशील," बाई म्हणाल्या. स्वतःचे दोन विद्यार्थीही त्यांनी कारण न सांगता दुसरीकडे सोपवले होते.

किती घरांत ऐकलं होतं मी, ‘शेवटी शेवटी अगदी शांत झाला होता हो. आम्हाला वाटलं, सुटलो एकदाचे.’

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या दाराबाहेर येरझारा घालत राहिले. माझं चुकलं तर बाई पुन्हा तोंड बघणार नाहीत. आणि बरोबर निघालं तर? शेवटी आत गेले आणि दार लोटून घेतलं.

"बाई, तुमच्या मनात तसलं काही नाही ना?"

त्यांनी चष्मा काढला. "तसलं म्हणजे?"

"म्हणजे... तुम्हाला कळतंय."

"मला कळतंय. तुला शब्द उच्चारवत नाहीये." आवाज पुन्हा तिखट झाला. "आणि ‘नाही ना’ म्हटलंस की समोरचा ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. हेच शिकवलं का मी? नीट विचार."

मी त्यांच्या टेबलाजवळ गेले.

"बाई, तुम्ही आत्महत्येचा विचार करताय का?"

बाहेर जिन्यावरून कुणीतरी हसत उतरलं. बाई खिडकीकडे बघत होत्या.

"हो," त्या म्हणाल्या. "ठरवलंय."

अशा वेळी काय करायचं ते मला तोंडपाठ होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. "मी इथून हलणार नाही. तुमच्या ताईंना बोलावू या."

"तिला नको गं. घाबरेल ती."

"घाबरू दे. मीही घाबरलेय, बाई. खूप."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओंजळीत तोंड लपवून रडायला लागल्या. बऱ्याच वेळाने स्वतःच फोन पुढे सरकवला.

ताई घरातल्या चपलांवरच धावत आल्या. आम्ही तिघी टॅक्सीने दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी बाईंना तिथेच ठेवून घेतलं.

आता त्या घरी आहेत. औषधं चालू आहेत, ताई त्यांच्याकडेच राहतात. मी रोज सकाळी फोन करते. "आहे गं अजून, ठेव आता," बाई कधी खेकसतात. कधी नुसतीच रिंग वाजत राहते आणि मला दरदरून घाम फुटतो. काल फोन ताईंनी उचलला.

"आंघोळीला गेलीये ती," त्या म्हणाल्या. "बाळ, तू आधी घोटभर पाणी पी."