गुरुवारचा खाडा

सोमवारी सकाळी मशीनने छोटीचा अंगठा नाकारला. फाटकाशी भिंतीवर ते काळं खोकं बसवलेलं होतं. त्यावर अंगठा ठेवायचा, ‘टिंग’ झालं की हजेरी लागली. त्या दिवशी टिंग झालंच नाही. पडद्यावर लाल अक्षरांत आलं, ‘पुन्हा प्रयत्न करा’. तिने अंगठा स्वेटरच्या बाहीला पुसला, तोंडाची वाफ दिली, परत ठेवला. मागे रांग वाढत होती.

वॉचमनकाकांनी तिचा हात उजेडात धरून पाहिला. “हा अंगठा आहे की आटलेलं तळं? ठसा राहिलाय कुठे यात? जा, वहीत नाव लिहितो.”

छोटी पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काचसामान धुवायची. बीकर, फ्लास्क, नळ्या, दिवसाला चारपाचशे नग. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती कामाला लागली, सगळ्यांत नवी आणि अंगाने बारीक, म्हणून सगळे छोटी म्हणायला लागले. हा तिचा इथला पहिलाच हिवाळा. थंडी पडल्यापासून धुलाईखोलीत सगळं कढत पाण्यात चालायचं, त्यात साबणाची भुकटी इतकी जहाल की काच क्षणात लख्ख व्हायची. आधी हात नुसते खरखरीत झाले. मग बोटांच्या सांध्यांवर रेघा उमटल्या, रेघांच्या चिरा झाल्या, आणि एक दिवस उजव्या अंगठ्याचं टोक असं उललं की पोळीच्या तव्याला धरायचं फडकंसुद्धा धरवेना. शर्टाचं बटण लावायला घरी स्वतःच्या मुलीला हाक मारावी लागायची. आंबट काही हाताला लागलं की डोळ्यांत पाणी.

तिच्या शेजारच्या सिंकवर वहिनी काम करायची. वय पन्नाशीच्या आसपास, नऊ वर्षं याच खोलीत. तेच पाणी, तीच भुकटी. आणि वहिनीचे हात मात्र मऊ, गुळगुळीत. छोटीला आधी त्याचं नवल वाटायचं. मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी म्हणालं, हिवाळा संपला की धुलाईखोलीतली एक जागा कमी होणार आहे. त्यानंतर नवल संपलं आणि दुसरंच काहीतरी सुरू झालं.

दोन आठवड्यांपूर्वी वहिनीनेच तिला एक पांढरी डबी आणून दिली होती. “लाव हे, छोटे. रोज लाव. आणि जरा बोलायचंय तुझ्याशी या हातमोज्यांबद्दल.” छोटीने डबी घेतली, पण बोलणं काही ऐकलं नाही, घाई होती. घरी जाऊन मलम लावलं तर हात असे चरचरले की ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या नाचली.

“काय घातलंय त्यात?” सासूबाईंनी डबीचा वास घेतला. “एकाच पाण्यात दोघी हात घालता. तिचे लोण्यासारखे नि तुझे असे. मला तर बाई काही कळत नाही.”

कळत नाही म्हणायची त्यांची एक पद्धत होती. ऐकणाऱ्याला सगळं कळून चुकायचं.

छोटीने मग परीक्षा घ्यायची ठरवली. डाव्या हाताला वहिनीचं मलम, उजव्या हाताला सासूबाईंनी तेलात मेण वितळवून केलेलं औषध. चार दिवस. दोन्ही हात सारखेच फाटत राहिले. एखादीने शंका सोडून दिली असती. छोटीला वाटलं, डबीत वर चांगलं असेल आणि खाली भलतंच.

तिचा नवरा गॅरेजमध्ये कामाला होता. दिवसभर ग्रीसमध्ये बुडालेले त्याचे हात थंडीत कधी फुटायचे नाहीत. तो हसला. “अगं, ती तुझ्यासाठी मलमात विष कालवत बसेल? तिला दुसरी कामं नाहीत?”

“तिचा दीर कुठे कामाला आहे, माहीत आहे तुम्हाला?”

“कुठे?”

“ती अंगठ्याची मशीनं बसवतात ना, त्या कंपनीत. दुरुस्तीला तोच येतो.”

नवऱ्याने हात धुवायला घेतले.

सोमवार, मंगळवार, बुधवार असेच वॉचमनकाकांच्या वहीवर गेले. गुरुवारी वहिनी रजेवर होती. त्या दिवशी छोटीने मशीनवर सातआठ वेळा अंगठा दाबला आणि अचानक टिंग झालं. तिला इतकं बरं वाटलं की पडद्याकडे न बघताच ती आत पळाली. शुक्रवारी पुन्हा लाल अक्षरं.

पुढच्या सोमवारी हजेरी बघणाऱ्या मॅडमनी तिला बोलावलं. टेबलावर छापील कागद होता.

“गेल्या आठवड्यात पाचही दिवस तुमचा खाडा आहे.”

“खाडा कसा? मी रोज आले. वॉचमनकाकांच्या वहीत आहे.”

“वही धरत नाहीत आता. मशीनमध्ये असेल तेच खरं.”

“मग गुरुवार तरी धरा. गुरुवारी माझा अंगठा लागला होता. टिंग झालं होतं!”

मॅडमनी चष्मा सारखा केला, कागदावरून बोट फिरवलं, आणि मान हलवली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “गुरुवारी दुसराच घोळ आहे. शेजारच्या सिंकवरच्या बाई रजेवर होत्या, आणि मशीन म्हणतंय हजर.”

छोटीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वहिनीची रजा वाचली. छोटीचा खाडा पडला. आणि मशीनला हात लावणारा माणूस वहिनीच्या घरात जेवतो.

ती धुलाईखोलीत परत आली आणि नळ सोडून उभी राहिली. पलीकडे वहिनी गुणगुणत नळ्यांतून ब्रश फिरवत होती. मध्येच म्हणाली, “काय गं, मॅडमनी कशाला बोलावलं होतं? हजेरीचं ना?”

हिला कसं कळलं? छोटीने “काही नाही” म्हणून तोंड फिरवलं. त्या क्षणापासून ती वहिनीकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायला लागली. वहिनी सकाळी हातमोजे घालताना भिंतीकडे तोंड करते, हे तिला दिसलं. ते चढवायला तिला नको इतका वेळ लागतो, हे दिसलं. फाटकाशी थांबून वॉचमनकाकांशी हळू आवाजात बोलताना दिसली, आणि छोटी जवळ येताच बोलणं थांबलं, हेही दिसलं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, चहाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले. छोटी मागे राहिली. वहिनीच्या कपाटाला कुलूप नसायचं. आपण हे काय करतोय असं तिला वाटलं, तोवर दार उघडून झालं होतं. आत डबा, शाल, आणि दोरीवर वाळत घातलेले पातळ सुती हातमोजे, तीन जोड. असे मोजे इथे कुणालाच मिळत नव्हते. सगळ्यांना महिन्याला रबराची एक जोडी, आणि छोटीच्या जोडीच्या बोटाला तर पहिल्याच आठवड्यात भोक पडलं होतं. दिवसभर तेच कढत पाणी आत साचून राहायचं. म्हणजे हिला वरून वेगळं काही मिळतं. का मिळतं?

शालीखाली वहीचं एक पान होतं. वर लिहिलं होतं ‘छोटी’. खाली गेल्या आठवड्याचे वार आणि तारखा. गुरुवारपुढे मोठं प्रश्नचिन्ह.

छोटीचे कान तापले. तिने पान होतं तसं ठेवलं, कपाट लावलं, आणि सरळ मॅडमच्या खोलीत गेली.

“मॅडम, माझी गुरुवारची हजेरी त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतलीय. त्यांचा दीर मशीनवाल्यांकडे आहे. माझ्यावर पाळत ठेवतात त्या, माझ्या तारखा लिहून ठेवल्यात. मी डोळ्यांनी पाहिलंय.”

“कुठे पाहिलंत?”

छोटीने स्वेटरची बाही ओढली. मग म्हणाली, “पाहिलंय.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “हे तुम्ही त्यांच्यासमोर बोलाल?”

“बोलेन.”

बुधवारी सकाळी अकराला मॅडमनी दोघींना फाटकाशीच बोलावलं, मशीनपाशी. वॉचमनकाकाही होते. छोटीने जे बोलायचं ते बोलून टाकलं. बोलताना तिचा आवाज चढत गेला, कारण वहिनी मध्ये काहीच बोलत नव्हती. नुसती ऐकत होती. मलमाचं आलं, दिराचं आलं, वेगळ्या हातमोज्यांचं आलं, शेवटी कागदाचंही आलं.

“तू माझं कपाट उघडलंस?” वहिनीने विचारलं.

छोटीने खाली पाहिलं.

वहिनीने स्वेटरच्या खिशातून तोच कागद काढला आणि मॅडमच्या हातात दिला. “मी आजच तुमच्याकडे येणार होते. ही रोज आली होती, माझ्या शेजारी उभी राहून काम केलंय हिने. मी सही करून द्यायला तयार आहे. गुरुवारी मी नव्हते, म्हणून तेवढं यांना विचारायचं राहिलं होतं.” तिने वॉचमनकाकांकडे बोट केलं.

“मला विचारलं त्यांनी,” वॉचमनकाका म्हणाले. “काल संध्याकाळी वहीही दाखवली मी.”

मॅडम व्यवहारी बाई होत्या. त्या म्हणाल्या, “मग गुरुवारी झालं काय, ते बघू. लावा अंगठा.”

छोटीने अंगठा ठेवला. पुन्हा प्रयत्न करा. परत ठेवला. पुन्हा प्रयत्न करा. पाचव्या वेळी तिने इतक्या जोरात दाबला की चीर उघडली आणि कळ कोपरापर्यंत गेली. टिंग झालं.

पडद्यावर हिरव्या अक्षरांत वहिनीचं पूर्ण नाव होतं.

मॅडम पुढे वाकल्या, त्यांनी नाव दोनदा वाचलं. “असं कसं?”

“मला वाटतं, कळलं मला,” वहिनी हळूच म्हणाली. “हे मशीन गेल्या थंडीत बसवलं ना? तेव्हाच माझा ठसा घेतला होता. त्या वेळी माझे हात हिच्यासारखेच होते. नुसत्या चिरा. आठ वर्षं मी दर हिवाळा असाच काढला. अंगठा माझाही धड लागत नाही, मी दुसरं बोट लावते. मशीनकडे माझा म्हणून जो अंगठा आहे, तो असा फाटलेलाच आहे.” तिने छोटीचा हात धरण्यासाठी हात पुढे केला आणि अर्ध्यातच मागे घेतला. “गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, रबराच्या आत सुती मोजे घाल, भिजले की बदल, पाणी कोमट ठेव, आणि हात ओलसर असतानाच मलम चोप. चिरा उघड्या असताना पहिले दोन दिवस झोंबतं. ते मोजे मी घरी शिवलेत, जुन्या गंजीफ्रॉकचे, म्हणून सगळ्यांसमोर घालायची लाज वाटते. तुझ्यासाठीही दोन जोड्या शिवायला घेतल्या होत्या. तेच तुला सांगत होते त्या दिवशी.”

मॅडमनी सगळे खाडे काढले. छोटीला मशीनऐवजी कार्ड मिळालं, वहिनीची गुरुवारची रजा रजेत धरली गेली, आणि महिन्याला रबरी मोज्यांच्या दोन जोड्या द्यायचं ठरलं. डॉक्टरांनी छोटीला वहिनीने सांगितलं होतं तेच शब्दाला शब्द सांगितलं. घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि “मी कुठे काय म्हटलं होतं?” एवढंच म्हणाल्या. ते खरंही होतं.

तीन आठवड्यांत चिरा भरल्या. नव्या कातडीचा रंग गुलाबी होता, आणि छोटी स्वतःच्या हाताने बटणं लावू लागली. पण शेजारच्या सिंकवरचं गुणगुणणं बंद झालं होतं. वहिनी बोलायची, नाही असं नाही. ब्रश दे. नळ बंद कर. त्या फ्लास्कला तडा आहे, बाजूला ठेव. एवढंच.

एका संध्याकाळी बसथांब्यावर दोघीच होत्या. छोटीने कितीतरी दिवस मनात घोळवलेलं बोलून टाकलं. “वहिनी, मला माफ करा.”

“माफीचं काही नाही,” वहिनी रस्त्याकडे बघत म्हणाली. “मला एकच सांग. मी असं काय केलं होतं, की माझ्याबद्दल तुला हे सगळं खरं वाटलं?”

छोटीने उत्तर शोधलं. मलम, दीर, कागद, सगळं आठवून पाहिलं. त्यातलं काहीच पुरेसं नव्हतं.

“तुम्ही काहीच केलं नव्हतं,” ती शेवटी म्हणाली. “एक जागा जाणार असं ऐकलं होतं. ती माझी जाईल याची भीती होती. तुम्ही वाईट निघाला असतात, तर ती तुमची गेली असती.”

वहिनीने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

“हे मात्र खरं बोललीस,” ती म्हणाली.

बस आली. वहिनी आधी चढली, खिडकीशी बसली आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली. छोटी पुढे जाऊन दांडा धरून उभी राहिली. तीन थांबे गेले. चौथ्या थांब्यावर गर्दी आत घुसली तेव्हा कुणीतरी त्या पिशवीकडे बोट करून विचारलं, “ताई, इथे कुणी आहे का?”

वहिनीने पिशवी उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाली, “आहे. ती काय, पुढे उभी आहे.”